घरी काडतुसं भरायची म्हटलं तर सुरुवात कुठून करावी? (आणि पुतण्याच्या छर्‍यांचं काय?)

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. दोन प्रश्न एकदमच टाकतो, घरात दोन्हींची चर्चा एकत्रच चालू आहे.

पहिला. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आहे, बारा बोअरची दुनाळी. काडतुसं महाग झालीत आणि हवी तेव्हा मिळत नाहीत. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक घरच्या टेबलावर वापरलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा भरतात. जुनी टोपी (बुडातली, ठोका बसला की ठिणगी देणारी) काढायची, नवी बसवायची, दारू मोजून टाकायची, वर छर्रे, मग तोंड दुमडायचं. त्यासाठी लागणारं हाताने दाबायचं यंत्र ऑनलाइन दिसतं. पितळी पुंगळ्या भंगारातही असतात म्हणे. नवशिक्याने काय काय घ्यावं?

दुसरा. पुतण्या चौदा वर्षांचा आहे, १० मीटर एअर रायफल शिकायला लागलाय. छर्रे वजन करून निवडले की गुण वाढतात असं त्याने कुठेतरी वाचलं. घरी सराव करायचाय. घर जुनं, धाब्याचं. मागचं अंगण धरून सरळ ४० फूट मिळतात. कसं करावं?

तापीकाठ

केळीबाग दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. ते यंत्र मागवू नका. मागवलं असेल तर ऑर्डर आजच रद्द करा.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ बघा. बंदूक किंवा दारूगोळा बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. वडिलांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठरावीक काडतुसं विकत घेण्याचा आहे. काडतूस तयार करण्याचा तो परवाना नव्हे. रिकामी पुंगळी पुन्हा भरली की नवं काडतूस तयार झालं, मग ते एक असो की पन्नास.

बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट व्याख्येत आहे. कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नाही. बंदुकीत भरायची दारू, काडतुसाचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री हे सगळं त्या एका शब्दात येतं. म्हणजे “यंत्र नुसतं घरात ठेवलंय, अजून वापरलं नाही” हा बचाव तिथेच संपतो.

शिक्षा: २०१९ च्या दुरुस्तीआधी कलम २५ मध्ये यासाठी तीन ते सात वर्षं होती. आता कमीत कमी सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शिवाय दारू आणि टोप्या बाळगल्या की स्फोटकांचा कायदा वेगळा लागतो. आणि वडिलांचा परवाना रद्द होणार, बंदूक जमा होणार, ते वेगळंच.

अमेरिकेतल्या माणसाच्या व्हिडिओत यातलं काहीच येणार नाही, कारण त्याच्याकडे हा कायदा नाही. त्याचं टेबल बघून आपलं टेबल मांडू नका.

वरणगाव_फाटा

भंगारातल्या पुंगळ्यांबद्दल.

आपल्या जिल्ह्यात वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसं बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९६४ पासून. त्यामुळे इकडे पितळी पुंगळी दिसली की लोकांना त्यात नवल वाटत नाही, आणि तीच अडचण आहे. ती ५.५६ किंवा ७.६२ मिमीची लष्करी पुंगळी असते. बारा बोअरशी तिचा काडीचा संबंध नाही, तुमच्या दुनाळीत ती कामाचीच नाही. चांदमारीच्या मैदानाजवळून वेचलेल्या मालात न फुटलेलं काडतूस मिसळलेलं असू शकतं. टोपीवर ठोक्याची खूण आहे म्हणून ते रिकामं आहे असं धरू नका. खूण पडूनही न उडालेलं काडतूस असतं. हात लावू नये, पोलीस ठाण्याला कळवावं. भंगारवाल्याकडून विकत घेणं तर मुळीच नाही.

सातपुडा_पायथा

काडतूस महाग आहे, मान्य. पण पैसे वाचवायची खरी जागा भरण्यात नाही, आहे ती काडतुसं खराब न होऊ देण्यात आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीला बाराही महिने पाणी, घरात दमट हवा, आणि काडतुसं ठेवलेली असतात लाकडी कपाटात खालच्या फळीवर. दोन पावसाळ्यांत पितळी बुडावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, कागदी पुंगळी असेल तर ती फुगते आणि नळीत सरकतच नाही. फुगलेलं काडतूस ठोकून बसवणारे आहेत. तसं कधीही करू नका.

हवाबंद झाकणाचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की बदला. डबा कुलपात, बंदुकीपासून वेगळा, चुलीच्या आणि इन्व्हर्टरच्या खोलीपासून लांब. प्रत्येक खोक्यावर खरेदीची तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेने दारू हळूहळू बिघडते, मग एखादं काडतूस ‘फुस्स’ होतं. तसा दबका आवाज आला तर दुसरा बार लगेच काढू नका. बंदूक मोकळी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. आत काही अडकलं असेल तर पुढचा बार नळी फाडतो.

चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला तसंच धरून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. बार कधी कधी उशिराने उडतो.

अजून एक. नळीवर किंवा नळीच्या बुडाशी कोठीची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी कोरलेली असते, ६५ मिमी की ७० मिमी ते वाचा. ६५ च्या कोठीत ७० चं काडतूस बसल्यासारखं वाटतं, कारण न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने आखूड असतं. उडताना ते दुमडलेलं तोंड उलगडतं आणि पुढच्या निमुळत्या भागात अडतं, वाट अरुंद होते, दाब वाढतो. जुन्या दुनाळ्यांमध्ये हे फार बघायला मिळतं.

ठासणीची बंदूक असती तर गोष्ट वेगळी, तिथे दारू नळीतच ठासावी लागते. पण तिथेही परवान्यावर जे आणि जेवढं लिहिलंय तेवढंच, आणि अधिकृत दुकानातूनच.

आणि दादा, पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. केळीचं नुकसान झालं तर आधी वनखात्याकडे अर्ज. त्यांची लेखी परवानगी नसेल तर परवान्याची बंदूक असूनही गुन्हा होतो.

केळीबाग_रावेर

सर्वांचे आभार. यंत्राची ऑर्डर रद्द केली. घरात आजोबांच्या वेळची वीसेक कागदी काडतुसं निघाली आहेत, फुगलेली. ती उघडून दारू शेतात टाकून द्यावी का?

तापीकाठ

उघडू नका, जाळू नका, विहिरीत टाकू नका. आहेत तशी डब्यात ठेवा, परवाना सोबत घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्जाने जमा करा. पोच घ्या. जवळचा परवानाधारक विक्रेता घेत असेल तर त्याला आधी फोन करून विचारा.

दशांश_नऊ

आता पुतण्याकडे वळू. इथे घरच्या घरी पुष्कळ काही करता येतं, आणि ते कायदेशीर आहे.

आधी आकडे समजून घ्या, मग छर्रे निवडायचे की नाही ते आपोआप ठरेल. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा. ठिपक्याला छर्र्याच्या कडेचा नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. पुढचं प्रत्येक वलय २.५ मिमीने लांब. म्हणून २.५ मिमी चूक म्हणजे एक गुण, पाव मिमी चूक म्हणजे दशांशातला ०.१. हे एवढं पाठ करून ठेवा.

आता वजन. रायफलच्या चांगल्या छर्र्याचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम असतं. समजा एक छर्रा ०.०१ ग्रॅमने जड निघाला. वजनात दोन टक्के फरक म्हणजे वेगात साधारण एक टक्का. मॅच रायफलचा वेग सेकंदाला १७५ मीटर धरला तर १० मीटर जायला ०.०५७ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात छर्रा १६ मिमी खाली येतो. वेग एक टक्क्याने कमी झाला की हे खाली येणं दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ०.३ मिमी. गुणांत सांगायचं तर ०.१ च्या आसपास. आणि चांगल्या डब्यात ०.०१ ग्रॅमचा फरक सहसा नसतोच, त्याहून कमी असतो.

नवशिक्या मुलाची नळी उभ्याने नेम धरताना २० मिमी इकडेतिकडे डोलते. त्याला ०.३ मिमीने काय होणार? म्हणून वजन करण्यात पहिलं वर्ष घालवू नका. ज्याचे गुण ६० बारांत (दशांश मोजणीत, एका बाराला जास्तीत जास्त १०.९ धरून) ६१५ च्या वर स्थिर झाले, त्याने त्याचा विचार करावा. तुमच्या पुतण्याने आधी तीन सोप्या गोष्टी कराव्यात.

एक, डोळ्याने निवडणं. डबा हलवू नका, ओतू नका. पांढर्‍या कागदावर चिमट्याने किंवा हलक्या बोटाने एकेक छर्रा काढून मागचा घेर बघा. हा घेर कागदासारखा पातळ असतो. तो चेपला की नळीच्या आतल्या आट्यांवर (छर्र्याला फिरकी देणार्‍या खाचांवर) एका बाजूने हवा निसटते आणि छर्रा तिरका निघतो. चेपलेला, शिशाचा कचरा चिकटलेला, डोक्यावर ओरखडा असलेला बाजूला ठेवा. चांगल्या मॅच डब्यात ५०० मध्ये दहा-पंधराच निघतील, स्वस्त डब्यात पन्नाससुद्धा निघतात. बाजूला काढलेले फेकू नका, ते नुसत्या स्टान्सच्या (उभं राहायच्या पवित्र्याच्या) सरावाला चालतात. जमिनीवर पडलेला छर्रा मात्र पुन्हा डब्यात कधीही टाकू नका.

दोन, काचेवर लोटणं. टेबलावर सपाट काच ठेवा, एका बाजूखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सरकवा. प्रत्येक छर्रा एकाच जागेवरून, एकाच दिशेने सोडा. डोकं आणि घेर यांचा व्यास वेगळा असल्याने तो सरळ जात नाही, कमानीत वळतो. एकसारखे छर्रे खालच्या कडेला एकाच जागी पोचतात. जो वाटेत लटपटतो किंवा भलतीकडे जातो त्याचा घेर गोल नाही. फुकटातली चाचणी आहे आणि तराजूपेक्षा जास्त सांगते.

तीन, डोक्याचा व्यास. हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आणि याच्यावरच लोक सगळ्यांत कमी वेळ देतात. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. कोणता चांगला हे दुकानदार सांगू शकत नाही, तुमची नळी सांगते. तीन व्यासांचा एकेक डबा घ्या, शक्य असेल तर आरडब्ल्यूएस आर१० किंवा एच अँड एन फिनाले मॅचसारख्या मॅच छर्र्यांचा. पिस्तुलाचे हलके छर्रे वेगळे असतात (०.४५ ते ०.४९ ग्रॅम), घेताना डब्यावरचं वजन बघा. डोकं सपाटच हवं. टोकदार छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडत नाही, मग गुण मोजताना वाद होतो.

चाचणी अशी करा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. छर्रा बदलला की आधीच्या शिशाचा नळीवरचा थर बदलायला वेळ लागतो, म्हणून पहिले १५ बार मोजूच नका. मग प्रत्येक प्रकाराचे पाच-पाचचे पाच गट काढा, प्रत्येक गटाला नवा कागद. भोकांच्या बाहेरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा, त्यातून ४.५ वजा करा, तो गटाचा खरा पसारा. पाचही गटांची सरासरी धरा. एका सुंदर गटावर भाळून डब्यांचा साठा करून ठेवू नका, एक गट योगायोगाने जमतो. ठरला की त्याच बॅच नंबरचे डबे घ्या. आठवड्यात पाच दिवस ६० बार धरले तर महिन्याला १३०० छर्रे, म्हणजे ५०० चे तीन डबे. सहा महिन्यांचे एकदम घेतले तर बॅच बदलायची कटकट वाचते.

स्प्रिंगची रायफल असेल तर ती घट्ट धरून किंवा शिकंजात अडकवून चाचणी करू नका. तिचा झटका छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच सुरू होतो, घट्ट धरलं की दर वेळी वेगळा जातो. तळहातावर सैल टेकवा. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली असेल तर शिकंजा चालतो.

सराफकट्टा_जळगाव

तराजूबद्दल एक भर. जळगावात सोन्याचा बाजार आहे म्हणून लोक म्हणतात सराफाचा काटा वापरू. सराफाच्या गल्ल्यावरचा काटा पुष्कळदा ०.०१ ग्रॅमचा असतो. ०.५३ ग्रॅमच्या छर्र्याला तो दोन टक्क्यांची पायरी दाखवतो, म्हणजे जवळजवळ सगळे छर्रे एकच वजन दाखवतील. मिलिग्रॅमचा, म्हणजे ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो, हिर्‍यासाठी वापरतात तो. वर काचेचं झाकण हवं, पंखा बंद हवा, वीस मिनिटं चालू ठेवून मग शून्य करायचा. आणि दर पन्नास छर्र्यांनंतर तपासणीचं वजन ठेवून शून्य हललं का ते बघायचं. आता नको म्हणालात तर घाई नाहीच, पण घ्यायचा तर हाच घ्या.

केळीबाग_रावेर

हे सगळं पुतण्याला वाचून दाखवलं. त्याची रायफल अजून घ्यायची आहे. एका दुकानदाराने ‘सेकंदाला हजार फूट वेगाची’ दाखवली, परवाना लागत नाही म्हणाला. दुसर्‍याने मॅच रायफल दाखवली, तिचा वेग सहाशेच्या आत. किंमत मात्र कितीतरी पट. पहिली जास्त ताकदीची मग बरी नाही का?

तापीकाठ

१० मीटरला ताकद लागतच नाही, उलट आड येते. हजार फुटांवाल्या स्प्रिंग रायफलचा झटका मोठा, कोंबायला (दर बाराआधी स्प्रिंग दाबायला) जोर जास्त. चौदा वर्षांचा मुलगा तीस बारांत थकतो आणि चापाला झटका द्यायची सवय लागते. ती सवय काढायला वर्ष जातं.

कायद्याची मर्यादा अशी धरा: ४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअर, आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलच्या आत ऊर्जा. दोन्हींच्या आत राहा म्हणजे शंकेला जागाच उरत नाही. ऊर्जा काढायची रीत सोपी आहे: छर्र्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेग, गुणिले वेग, भागिले २०००. वेग मीटर प्रति सेकंदात. मॅच रायफल: ०.५३ × १७५ × १७५ ÷ २००० = ८.१ ज्यूल. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तोच छर्रा सेकंदाला २७५ मीटरने सुटला तर २० ज्यूल भरतात. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर, आणि त्या वेगाला ०.५३ चा छर्रा साडेचोवीस ज्यूलच्या पुढे जातो. जाहिरातीतला वेग बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यावर मोजलेला असतो, शिशाच्या छर्र्यावर तो खाली येतो. म्हणून जाहिरातीवर जाऊ नका. शिशाच्या छर्र्यावर क्रोनोग्राफने (छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्राने) मोजलेला आकडा मागा, आणि बिलावर मॉडेल, बोअर, ऊर्जा लिहून घ्या. ओळखपत्राची प्रत ते मागतील, द्या. ते बिल रायफलच्या पिशवीत कायम ठेवायचं.

मुलगा क्लबात जातोच आहे, तर पहिले सहा महिने क्लबचीच मॅच रायफल वापरू द्या. नियमात वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, पण चौदाव्या वर्षी साडेचार किलोच्या आसपासची बरी.

दशांश_नऊ

घरच्या जागेबद्दल. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. हिशोब बरोबर बसतो: कागदामागे झडपेला (छर्रे अडवणार्‍या खोक्याला) अर्धा मीटर, १० मीटर अंतर, उभं राहायला दीड मीटर. उभं राहायची रेघ ते कागद बरोबर १० मीटर हवं, फरक ५ सेंटिमीटरच्या आत. फुटात ते ३२ फूट पावणेदहा इंच होतं, लोक ३३ फूट धरतात ते चालत नाही. मोजपट्टी जमिनीवर ताणून मोजा, पावलांनी नाही. कागदाचा मध्य उभं राहायच्या जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे. धाब्याच्या घरात ओसरी आणि अंगण यांच्या पातळीत फरक असतो, म्हणून उंची पाण्याच्या नळीने जुळवा.

कागदामागची झडप हा सगळ्यांत काळजीचा भाग. सपाट पोलादी पत्र्यावर सरळ मारलेला छर्रा उलटून येतो, डोळ्यापर्यंत येतो. म्हणून पत्रा ४५ अंशात झुकलेला हवा, वरची कड तुमच्याकडे, म्हणजे छर्रा खाली वळतो. ३ मिमी जाडीचा पत्रा, लाकडी किंवा लोखंडी खोक्यात, तळाशी वाळूचा तीन बोटं थर. फॅब्रिकेशनवाल्याकडून तासाभरात होतं. पत्रा नको असेल तर दीड फूट खोल खोकं घ्या आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्या पायाने दाबून ठासून भरा. आपल्याकडे कापूस हाताशी असतो म्हणून लोक सुटा कापूस भरतात, त्यातून छर्रा मध्येच वाट काढून आरपार जातो. चिंध्याच हव्यात आणि दर हजार बारांनी पुढची बाजू बदलायची. पोलादी गोळ्या असलेली एअर गन या झडपेवर अजिबात नाही, त्या उलटतात.

झडपेमागे पक्की विटांची भिंत हवी. दार नको, खिडकी नको, गोठा नको, शेजारच्यांचं अंगण तर नकोच. मॅच रायफलचा छर्रासुद्धा मोकळा सुटला तर शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. खोक्याच्या चारी बाजूंना फूटभर प्लायवूड लावा, चुकलेला बार तिथे अडला पाहिजे. नेमाच्या पुढच्या भागात कुठलंही दार उघडत असेल तर सरावाआधी आतून कडी, आणि घरच्यांना सांगून सुरुवात. सराव करणार्‍याला आणि शेजारी उभ्या राहणार्‍याला दोघांनाही चष्मा.

उजेड: कागदावर १५०० लक्स तरी हवा. एक एलईडी झोतदिवा दीड मीटरवरून कागदावर टाकला की भागतो. दिवा झडपेच्या वाटेत येणार नाही असा, खाली आडोशाला. नेम धरायच्या जागी अंधार ठेवू नका, डोळा शिणतो. दुपारी अंगणातल्या उन्हात सराव टाळा, काळ्या वर्तुळाची कड लुकलुकते आणि नेम वर सरकतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका.

रिकामा चाप ओढायचा नाही हा नियम स्प्रिंगच्या रायफलला कडक लागू आहे. छर्रा नसेल तर पिस्टन अडवायला हवेची गादी उरत नाही, तो पुढे आदळतो आणि सील तुटतं. नळीत किंवा सिलिंडरमध्ये खोबरेल, मशीनचं तेल काही टाकू नका. दाबाने ते पेटतं, आतून छोटा स्फोट होतो, धूर येतो आणि वेग मर्यादेबाहेर जातो. नळी बिजागरीवर खाली वाकवून कोंबताना एक हात नळीवर घट्ट ठेवूनच छर्रा बसवा, नळी झटक्याने मिटली तर बोट जातं. छर्रा बसवताना पोकळ घेर आपल्याकडे, डोकं पुढे.

खानदेश_१०मी

सिलिंडरवाली घेतलीत तर आपल्या उन्हाचा विचार करा. मॅच रायफलचं सिलिंडर सहसा २०० बारचं असतं (इथे ‘बार’ म्हणजे हवेच्या दाबाचं माप, उडवायचा बार नव्हे). २५ अंशांना २०० बार भरलं आणि गाडीच्या डिकीत ६० अंश झाले, तर दाब २२३ बारच्या आसपास जातो. हा साध्या वायुनियमाचा हिशोब आहे. म्हणून मार्च ते जून १७०-१८० बारच्या वर भरू नका आणि उन्हातल्या गाडीत सोडू नका. भरताना सावकाश भरा, एकदम भरलं की तापतं आणि थंड झाल्यावर दाब कमी दिसतो. भरायची हवा कोरडी हवी. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात दर पाच मिनिटांनी थांबून त्यातलं पाणी काढा.

वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नका. तेलाच्या अंशाशी तो दाबाखाली पेट घेतो आणि सिलिंडर फुटतं. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. मॅच रायफलच्या बहुतेक सिलिंडरांचं आयुष्य दहा वर्षं. जुनी रायफल घेताना लोक नळी बघतात, ही तारीख बघत नाहीत. स्पर्धेत मुदत उलटलेलं सिलिंडर चालत नाही, आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूची असते.

नळी दर ५०० बारांनी फेल्टच्या गोळ्यांनी कोरडी साफ करा, मागून पुढे, दोन-तीन गोळ्या. तेल नाही.

दशांश_नऊ

शिशाचं राहिलं. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, एकही नाही, बसवायला सोपं जातं म्हणूनसुद्धा नाही. सरावाच्या जागी चहा-फरसाण नको. झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच जेवण. झडपेतली वाळू आणि शिसं काढताना मास्क लावा, झाडूने झाडू नका, पाणी शिंपडून ओलं करून उचला. घरात सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्या जागी रांगू देऊ नका, लहान वयात शिशाने मेंदूवर परिणाम होतो.

पावसाळ्यात डब्यातल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचं कार्बोनेट. ते छर्रे पुसून वापरू नका, जमा शिशात टाका.

केळीबाग_रावेर

शेवटचा प्रश्न. झडपेत जमलेलं शिसं वितळवून पुन्हा छर्रे बनवता येतील का? पुतण्या विचारतोय.

दशांश_नऊ

नाही. वितळलेल्या शिशाच्या वाफा आणि भुकटी घरात बसते, फडताळावर, धान्यावर, आणि ती निघत नाही. शिवाय हाताने ओतलेल्या छर्र्याचा घेर कधी एकसारखा येत नाही, १० मीटरला तो निरुपयोगी. प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून जमवा, वर ‘शिसं’ असं लिहा, आणि चार-पाच किलो झालं की बॅटरीचं शिसं घेणार्‍या नोंदणीकृत भंगार व्यापार्‍याला द्या. महिन्याला १३०० छर्र्यांचे सातशे ग्रॅम होतात, म्हणजे सहा महिन्यांतून एकदा चक्कर.